मधल्या पट्टीचं सार्वमत

"महोदय, तुम्ही भित्रे आहात, आणि वर खोटारडेही आहात. जी चौकी आम्ही हाडं गोठवून राखली ती तुम्ही एका बैठकीत, चहा पिता पिता सोडून दिलीत. आम्हाला विचारलं नाहीत. जे तिथं मेले त्यांच्या घरी विचारलं नाहीत. हा देश काय तुमच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर आहे काय?"

सिमरननं पेन थांबवलं. "अब्बा, महोदय आणि भित्रे एका ओळीत बसत नाहीत."

"बसव. साताऱ्याला कॉलेजात पोरांना राज्यशास्त्र शिकवतीस, आणि तुला दोन शब्द बसवता येईनात?"

"आणि पाठवायचं कुणाला? नाव काय घालू?"

"नाव कशाला पायजे? वाचून ज्याला राग येईल, त्योच त्यो."

निवृत्त हवालदार वाजिद प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या पायात चप्पल नीट राहत नव्हती, कारण तिला धरून ठेवायला त्या पायाला तीनच बोटं होती. उरलेली दोन त्या चौकीच्या खात्यावर गेली होती. दोन दिवस टीव्हीवर चाललं होतं की दोन्हीकडच्या फौजा दोन-दोन किलोमीटर मागं सरकणार, वादाच्या जागा रिकाम्या होणार. बातमी देणाऱ्या पोराला डोंगराचं नावसुद्धा धड घेता येत नव्हतं. त्यानं जो बर्फाचा फोटो दाखवला तो तिथला नव्हताच.

तरीही वाजिद गप्प होते. सकाळी चंद्राबाईंचा फोन आला आणि मग डोकं फिरलं. साताऱ्याच्या वर डोंगरात त्यांचं गाव. त्यांचा नवरा कोंडीबा वाजिदच्या शेजारच्या खंदकात होता, आणि अकरा दिवसांनी त्याचं प्रेत बर्फाखालून निघालं होतं.

"वाजिददादा, टीव्हीवर दावत्यात ती आपलीच जागा का वं?"

"व्हय, वैनी."

"मग आता तितं कोन ऱ्हानार?"

"कुनीच न्हाई."

"बरं. ठेवते," चंद्राबाई म्हणाल्या. वाजिदनी फोन खिशात टाकला आणि पोरीला कागद आणायला सांगितला.

"शेवटी लिही," ते आता म्हणाले, "की इथून पुढं असं काय सोडायचं असंल तर आधी सगळ्या देशाला इचारा. सार्वमत घ्या. गावोगाव पेटी ठेवा."

"अब्बा, मी हे वर्गात शिकवते. दिसतं तेवढं सोपं नाही ते. ज्यांना ती जागा नकाशात सापडणार नाही ते घरी पंख्याखाली बसून ठोकून मत देणार, राखा म्हणून. आणि राखायला जाणार दुसऱ्याचं पोरगं."

"सापडंल! मत द्यायची येळ आली की माणूस नकाशा उघडतो. सगळ्यांना इचारल्याबिगर एक फूट सोडायचं न्हाई, आणि इचारून ठरलं तर एक शब्द बोलायचा न्हाई. लिव, असंच लिव."

काटेरी तारेच्या पलीकडून आवाज आला, "काय म्हनलास वाजिदभाई? परत एकदा म्हन."

वाजिदची धाकटी बहीण, सिमरनच्या जैनबफुपी, लसूण सोलत बसल्या होत्या. इस्लामपूरहून सकाळच्या गाडीनं आलेल्या, आणि आल्यापासून कुणाशी भांडण झालं नाही म्हणून जरा कंटाळलेल्या.

"सगळ्यांना इचारून ठरवा म्हनलो. काय चुकलं?"

"कायसुदिक न्हाई. लय चांगलं बोललास. मग हितं बी ठेवू की पेटी."

"हितं म्हंजे?"

"हितं म्हंजे तू बसलायस तितं. खुर्चीखाली."

*

ती खुर्ची कुठं होती ते सांगायला हवं, नाहीतर मिरजेच्या या गल्लीतलं काहीच कळणार नाही. थोरले रहिमान यांचं घर आणि कारखाना एका बाजूला, धाकटे वाजिद यांचं घर दुसऱ्या बाजूला. मध्ये पंधरा फूट रुंद, चाळीस फूट लांब मोकळी पट्टी. तानपुऱ्याचे भोपळे वाळवायला ऊन लागतं, म्हणून बापानं वाटणीत पट्टी रहिमानला दिली. तीन वर्षांनी वाजिद फौजेतून कायमचे घरी आले आणि महिन्याच्या आत त्यांनी पट्टीभोवती काटेरी तार ओढली. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि रहिमाननी विचारलं नाही. दोघं नमाजाला एकाच रांगेत उभे राहत, एकमेकांच्या ताटातलं खात, पण पट्टीचा विषय निघाला की एकाला ऐकू येत नसे आणि दुसऱ्याला खोकला येई. असं अठरा वर्षं.

पट्टीवर वाजिदनी काहीही केलं नाही. झाड लावलं नाही, गाडी लावली नाही. रिकामी ठेवली. सकाळ-संध्याकाळ गस्त. रहिमानभाईंची कोंबडी तारेखालून आत आली तर तिला पकडून वहीत तारीख-वेळ लिहायची आणि तारेवरून थोरल्या घरच्या सुनेच्या, सुमैराच्या, हातात द्यायची. "ताब्यात घेतली, सुखरूप परत." सुमैरानं एकदा त्या वहीत पोच म्हणून सही केली होती. त्या दिवशी चाचांच्या चेहऱ्यावर जी खुशी होती ती पाहून तिनं पुढच्या आठवड्यात एक कोंबडी मुद्दाम हाकलली.

यंदा मात्र खेळ संपला होता. आजवर भोपळे मागच्या परड्यात वाळायचे. परड्यापलीकडं दवाखान्याची चार मजली इमारत उभी राहिली आणि परड्यातलं ऊन गेलं. मिरजेत दवाखाने इतके वाढले की आजारी माणूस सोडून दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. दहा ते चार असं सलग ऊन आता फक्त मधल्या पट्टीवर पडत होतं. आणि आज भोपळे यायचे होते. भीमाकाठच्या मळ्यातून दोनशे दहा भोपळे टेम्पोत भरून निघाल्याचा फोन आला होता. सावलीत ठेवले तर आठवड्यात बुरशी धरणार.

रहिमाननी परवा घरात सांगून टाकलं होतं, "ऊन न्हाई तर काम न्हाई. पोरगा म्हनतो कुपवाडला त्याच्या शेडात चला. मी येनार न्हाई. तितल्या मशीनच्या आवाजात मला तारेची जवारी, तिचा घुमारा, ऐकू येत न्हाई. हत्यारं पुसून ठेवतो." ते रागात म्हणाले असते तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्यांनी खरंच कानस पुसायला घेतली होती. त्या पुसण्याची सुमैराला भीती वाटली होती.

*

"ते येगळं," वाजिद म्हणाले. "ते देशाचं हाय."

"तिकडं दोन किलोमीटर, हितं पंधरा फूट," जैनबफुपींनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "सोडायचं का ठेवायचं ते सगळ्यांना इचारून ठरवा, आणि ठरलं तर एक शब्द बोलायचा न्हाई. आत्ता तूच बोललास. सिमरन, लिवलंस न्हवं?"

"लिहिलंय फुपी. शब्दाला शब्द."

वाजिदनी पोरीकडं असं बघितलं की जणू तिनं शत्रूला पाणी पाजलं. मग त्यांनी फौजी माणसानं करायचं ते केलं. हल्ल्याआधी माणसं मोजली. आपण एक. सिमरन पोटची पोर, दोन. जैनब लहानपणी आपल्या खांद्यावर बसून उरूस बघायची, तीन. समोर रहिमानभाई, त्यांचा मुलगा अश्फाक आणि सून सुमैरा. तीन विरुद्ध तीन.

"चालंल," ते म्हणाले. "पन कायदा माझा. माघार घ्यायला निम्म्याच्या वर मतं पडाय पायजेत. बरोबरी झाली तर जो जितं हाय तितंच ऱ्हाईल."

"मान्य. तात्यांना बोलवा."

समोरच्या घरातले तात्या शाळामास्तर होते आणि तीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूट्या करून निवृत्त झाले होते. एरवी त्यांना कशालाही बोलवा, गुडघा दुखायचा. आज निरोप पोचेपर्यंत ते दारात हजर, हातात शाईची बाटली.

"शाई कशाला, तात्या? सहा तर माणसं आहेत," सुमैरा म्हणाली.

"सहा असोत नाहीतर साठ लाख. बोटाला शाई लागल्याशिवाय माणसाला आपण मत दिलं असं वाटत नाही. बरं, मतदार यादी? जैनबताई, तुमचं नाव तर इस्लामपूरला."

जैनबफुपींनी लसूण खाली ठेवला. "तात्या, वाटनीच्या कागदावर माझी सही घ्यायला अब्बा आनि भाई जीप करून इस्लामपूरला आले हुते. तवा मी घरची हुते. आज मताला परकी?"

"लिहितो, लिहितो."

"आणि फौजीला दोन मतं पायजेत," वाजिद म्हणाले.

"पायाच्या बोटाला एक याप्रमाणं का, चाचा?" सुमैरानं विचारलं, आणि वाजिदना हसू दाबायला मिशीवरून हात फिरवावा लागला.

"तू बोलू नकोस. सून बाहेरनं आलेली. तुझं मत कसं काय?"

"बाहेरून तुम्ही पण आलात की. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही फौजेत होता. तारेच्या आधीपासून मी आहे."

सिमरननं कागद बाजूला ठेवला होता. तिला मजा येत होती. "हाच घोळ असतो सगळीकडं. वादाची जागा असली की पहिलं भांडण हे, की विचारायचं कुणाला. त्या जागेवर राहणाऱ्यांना, की सगळ्यांनाच."

"जाग्यावर ऱ्हानाऱ्यांना!" वाजिद लगेच म्हणाले.

"जागेवर कोण राहतं?"

"मी."

"झालं मग. शंभर टक्के मतदान, एकमतानं निर्णय," तात्या म्हणाले, आणि गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या चालता चालता थांबून हसल्या.

मग प्रश्न काय लिहायचा यावर अर्धा तास गेला. वाजिदचा मसुदा होता, देशासाठी बोटं गमावलेल्या जवानाला त्याच्या जागेवरून हाकलून द्यावं काय? जैनबफुपींचा होता, थोरल्या भावाचं पोट काट्याच्या तारेत अडकवून ठेवावं काय? दोन्ही वाचून तात्यांनी चष्मा पुसला. "या दोन्हींना काय उत्तर येणार ते माझा नातू पण सांगेल. मी लिहितो. वाजिदनं मधली पट्टी सोडावी काय. बास."

या सगळ्यात रहिमान एक शब्द बोलले नव्हते. ते कारखान्याच्या उंबऱ्याशी मांडीवर तानपुरा घेऊन बसले होते. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, कानस एकदाच फिरवायची, परत ऐकायचं. सुमैरानं जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला ह्यो खेळ पसंत न्हाई. पन तुमी सगळी म्हनताय तर घ्या."

*

अश्फाक कुपवाडहून दुचाकीवर आला तोवर हे ठरून गेलं होतं. त्याच्या शेडात खुंट्या कातायचं मशीन होतं. बाप दिवसाला चार खुंट्या घडवी, मशीन तासाला चाळीस. हा हिशेब त्यानं बापाला एकदाच सांगितला होता, आणि बापानं मशीनची एक खुंटी कानाशी धरून विचारलं होतं, "ही बोलती कवा?" तेव्हापासून त्यानं सांगणं सोडलं.

त्यानं सार्वमताची बातमी ऐकली, हात धुतले आणि पाण्याच्या हौदामागून तारेपाशी गेला. वाजिद गस्तीवर होते.

"चाचा, माझं मत तुमाला."

वाजिद थांबले. "का रं? बापाच्या विरुद्ध?"

"विरुद्ध न्हाई. बापासाठीच. कुपवाडला पत्रा असा तापतोय की भोपळा दोन दिवसांत खडखडीत. हितं पट्टी मिळाली की अजून वीस वर्षं ह्याच बोळात. तुमी पट्टी धरून ठेवा, मी त्यास्नी शेडात घेऊन जातो."

"भाईला म्हाईत हाय?"

"आवं, सांगितलं असतं तर मत गुप्त कशाला ठेवलंय?"

वाजिदना साथीदार मिळाला होता, चौथं मत मिळालं होतं, विजय खिशात होता. तरी त्यांना ते पोरगं त्या क्षणी आवडलं नाही. समोरच्या खंदकातून पांढरं फडकं घेऊन आलेल्या माणसाची बातमी घ्यावी, पण त्याला आपल्या ब्लँकेटवर बसवू नये, असं त्यांचा जुना सुभेदार सांगायचा.

"सुमैराला कुपवाडला कुठं बसवनार?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"ती तानपुऱ्यावर नक्षी करती न्हवं. तिचं टेबल."

अश्फाकनं यावर विचार केलेला नव्हता. तो मान खाजवत निघून गेला. आणि वाजिदना पहिल्यांदाच वाटलं की मोजलेली माणसं आणि असलेली माणसं यात फरक असू शकतो.

*

या घरात भोपळे उतरायच्या दिवशी एक रीत होती. सगळ्या मालातला एक भोपळा घरच्या नावाच्या तानपुऱ्यासाठी निवडायचा. ज्यावर वाद होईल त्याच्यासाठी प्रत्येकानं एका कापलेल्या भोपळ्यात, फडक्याखाली हात घालून, पसंत असेल तर भोपळ्याची बी टाकायची, नापसंत असेल तर तारेचा तुकडा. कोण काय म्हणालं ते कळत नाही आणि जेवताना तोंडं वाकडी राहत नाहीत. मत असंच घ्यायचं ठरलं. बी म्हणजे पट्टी सोडावी. तार म्हणजे सोडू नये.

"अश्फाक, एक भोपळा आन आतनं," रहिमान म्हणाले.

अश्फाकनं हौदाच्या कडेचा पहिला हाती लागेल तो उचलला, वर भोक पाडलेला. तात्यांनी तो स्टुलावर ठेवला, वर जैनबफुपींची ओढणी टाकली. एका वाटीत सुक्या बिया, एकीत तारेचे तुकडे.

एकेक जण आला. वाजिद सलाम ठोकून आले, तात्यांनी शाई लावली तेव्हा बोट ताठ. सुमैरानं हात आत घालून इतक्या जोरात काहीतरी टाकलं की तात्या म्हणाले, "मत गुप्त आहे, राग नाही." अश्फाक खाली बघत आला आणि खाली बघत गेला. सिमरन हात घालून क्षणभर थांबली, वडिलांच्या पायाकडं तिनं पाहिलं, आणि मग मूठ सोडली. जैनबफुपी बिस्मिल्लाह म्हणाल्या. शेवटी रहिमान उठले. मांडीवरचा तानपुरा त्यांनी सुमैराकडं दिला, मत टाकलं, तानपुरा परत घेतला. बोटाला शाई लावून घेतली नाही. म्हणाले, "पॉलिशला लागंल."

तात्यांनी ओढणी काढली, भोपळा उलटा केला. काही पडलं नाही. हलवला, तरी नाही.

"शून्य मतदान?" वाजिद म्हणाले.

"अडकलंय काहीतरी." तात्यांनी बूड थोपटलं. मग अश्फाकनं लाकडी हातोडीनं एक ठोका दिला, आणि पसकन आवाज होऊन भोपळ्याच्या पोटातला ओला, पिवळा गर तात्यांच्या धुवट धोतरावर आला. त्यात बिया. बियाच बिया.

कुणाला आधी कळलंच नाही. मग सुमैरा ओरडली, "या अल्ला, हा साफ केलेला नाहीये! काल कापायसाठी भिजत टाकलेला!"

तात्या निवडणुकीचा माणूस. त्यांनी मांडीवरच मोजणी सुरू केली. एकशे बारा बिया. तीन तारा.

"एकूण मतदार सहा," ते गंभीरपणे म्हणाले. "झालेलं मतदान एकशे पंधरा. एवढं तर आमच्या ड्यूटीत कधी झालं नव्हतं, आणि आम्ही बरंच बघितलंय."

जैनबफुपी उभ्या राहिल्या. "एकशे बारा इरुद्ध तीन! वाजिदभाई, उचल खुर्ची!"

"बोगस!" वाजिद गरजले. "बोगस मतदान!"

"का? मगाशी म्हनत हुतास, गावोगाव पेटी ठेवा. मी म्हनते, ह्या गल्लीतल्या पेटीचं हे असं झालं, आन देशाच्या पेटीत कोन कुठला भोपळा ठेवतो ते तू बघायला जानार हायस व्हय?"

सगळे हसत होते. तात्या धोतर झटकत हसत होते, दारातल्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसत होत्या. रहिमान हसत नव्हते. त्यांनी रिकामा भोपळा उचलला, हातावर तोलला.

"अश्फाक. ओला भोपळा वजनावरनं कळला न्हाई तुला?"

अश्फाकचं हसू गेलं. या घरात सहा वर्षांच्या पोरालाही ते कळायचं. त्यालाही कळायचं, कुपवाडच्या आधी.

"घाईत उचलला, अब्बा."

"व्हय," रहिमान म्हणाले. "घाईतच."

*

सिमरन मात्र मघापासून बोटांवर मोजत होती. "थांबा. बोगस बिया आहेत. तारा तर भोपळ्यात उगवत नाहीत ना? तारा तीन. मतदार सहा. म्हणजे खऱ्या बिया तीन. बरोबरी."

"बरोबरी," तात्यांनी निकाल दिला. "नियमानुसार ज्याचा ताबा त्याचा. वाजिद, जागा तुझी."

वाजिदनी मिशीला पीळ दिला. तीन तारा. आपली, अश्फाकची, आणि आपल्या लेकीची. जैनबनं दगा दिला तर दिला. त्यांनी मोठ्या मनानं सिमरनच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास."

"माझी तार नाही, अब्बा," सिमरन म्हणाली. "मी बी टाकली. तुम्ही उठावं म्हणून. एक चौकी सुटली म्हणून दुसरी धरून बसलेले तुम्ही मला बघवत नाही. चंद्राकाकींना तरी काय सांगाल, कुठं आहात म्हणून? खुर्चीत?"

वाजिदचा हात खांद्यावरच राहिला, पण त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

"माझी बी बीच," जैनबफुपी म्हणाल्या. "मी लपवत न्हाई. खांद्यावर बसले हुते म्हनून काय झालं?"

"माझी तर आवाजावरून कळलीच असेल," सुमैरा म्हणाली. आणि मग तीही मोजू लागली. तीन बिया झाल्या. तारा उरल्या तीन. एक चाचांची. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"आवं, इकडं बघा."

अश्फाकनं दवाखान्याच्या इमारतीकडं पाहिलं.

"बघा म्हणते ना. बाईचं टेबल तरी मांडलंत का तिथं, का मला डबा पोचवायलाच कुपवाडला नेणार होता?"

"सुमैरा, आत बोलू."

"आत कशाला? एकशे पंधरा मतं उघड्यावर मोजलीत की. आज रात्रीचं जेवण तुम्ही मशीनला मागा."

पण तरी एक तार शिल्लक होती. दोघांची दोन. तिसरी? सगळ्यांनी आधी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी दोन्ही हात वर केले, "मी अधिकारी आहे, मला मत नाही."

"तिसरी माझी," रहिमान म्हणाले.



"भाई, तुमचं डोस्कं फिरलंय का?" जैनबफुपींचा आवाज चढला. "तुमच्यासाठी ह्यो सगळा तमाशा केला मी! टेम्पो कवाबी येईल! तुमचं दुकान बंद पडायला लागलंय, आनि तुमी तुमच्याच इरुद्ध तार टाकलीत?"

"माझ्या इरुद्ध न्हाई टाकली." रहिमाननी तानपुरा भिंतीला टेकवला. सत्तरीतले गुडघे, त्यांना उठायला वेळ लागला. ते तारेपाशी येऊन उभे राहिले. "चार जनांनी बिया टाकल्या म्हनून माझा भाऊ उठला, असं मला नको हुतं. मतानं हरलेला मानूस उठतो, न्हाई असं न्हाई. पन जाताना तो बोलायचंच सोडून जातो. मला पट्टी पायजे. भावाला घालवून पट्टी नको. आनि खरं सांगू? तुमी समद्यांनी मिळून मागताय, पन मी कवा मागितलंच न्हाई. अठरा वर्षं मान खाली घालून तारा छेडत बसलो. वाजिद, मला ऊन पायजे. देतोस का?"

वाजिद जिंकले होते. नियमानं, मोजणीनं, तात्यांच्या तोंडानं. ते खुर्चीपाशी उभे होते आणि जिंकलेला माणूस इतका उघडा पडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून पक्कड काढली. ती ते कायम खिशात ठेवत, तार ढिली पडू नये म्हणून. पहिल्या खांबाशी वाकले. एक पीळ सुटला. तार थरथरत बाजूला झाली.

"देतो," ते म्हणाले.

जैनबफुपींनी श्वास सोडला. सुमैरा झाडू आणायला वळली.

"थांब, पोरी." वाजिद वाकलेलेच होते. पक्कड दुसऱ्या तारेवर होती, पण दाबलेली नव्हती. "भाई, एक सांग. अब्बांनी वाटनी केली तवा मी वर हुतो. चौकीवर महिन्याला एकदा फोन लागायचा. त्या महिन्याचा माझा नंबर आला, मी तुला फोन लावला. तू ईद मुबारक म्हनलास. भोपळे चांगले आल्यात म्हनलास. जैनबच्या लेकाला दात आला म्हनलास. तीन मिनिटं बोललास. चार दिवसांआधी पट्टीचा कागद झाला हुता, त्यो तू बोलला न्हाईस."

रहिमाननी खांबाला हात टेकवला.

"मी ऊन न्हाई म्हनलो नसतो. भोपळ्याला ऊन लागतं ते मला बी म्हाईत हाय, ह्याच घरात जन्मलोय. पन इचारायचंस की. त्या अर्जातला साहेब मला उत्तर देनार न्हाई. सिमरननं कितीबी झ्याक लिवलं तरी न्हाई देनार. त्यानं मला बघितलेलं न्हाई, मी त्याला न्हाई. तू मला पाळन्यात बघितलंयस."

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. कुणी मान वळवली नाही.

"का न्हाई इचारलंस? तार मी तोडतो, समदी तोडतो. त्याआधी बोल, भाई. का न्हाई इचारलंस मला?"